लोकांवर विश्वास नव्हता म्हणून अप्रत्यक्ष निवडणूक? अर्धंच खरंय

अमेरिकेच्या घटनाकारांचा सामान्य माणसावर भरवसा नव्हता म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्ष थेट निवडू दिला नाही, असं तुम्ही म्हणताय. असे लोक होते तिथे, नाही असं नाही. 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला भरलेल्या सभेत जॉर्ज मेसन हा सदस्य म्हणालाच होता की हे काम लोकांवर सोपवणं म्हणजे आंधळ्याला रंग निवडायला सांगणं. पण त्याचं कारण बघा, देश एवढा अवाढव्य की कुठल्या उमेदवाराची लायकी काय हे लोकांना कळणार कसं? आणि त्याच सभेत जेम्स विल्सन थेट निवडणूकच मागत होता.

खरी लढत वेगळीच होती. काँग्रेसनेच (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) राष्ट्राध्यक्ष निवडावा असं ठराव करून बऱ्याचदा जवळपास ठरलंही होतं, पण मग तो पुन्हा निवडून यायला काँग्रेसचीच हांजी हांजी करत बसणार ना. म्हणून इलेक्टर काढले, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याने नेमलेली माणसं. एका कामापुरते नेमायचे, आपापल्या राज्यात एकाच दिवशी मत द्यायचं, आणि खासदार किंवा केंद्राचा पदाधिकारी इलेक्टर होऊ शकत नाही. म्हणजे सगळ्यांना एका जागी गाठून फितवायची सोयच ठेवली नाही, हे मला तरी डोकं लावून केलेलं वाटतं.

आता जे शाळेत नीट सांगत नाहीत ते. त्याच सभेतल्या जेम्स मॅडिसनचं म्हणणं होतं की तत्त्व म्हणून जनतेनेच निवडणं सगळ्यात योग्य, पण मग दक्षिणेला गुलामांच्या संख्येचा काहीच फायदा मिळणार नाही, कारण गुलामांना मत कुठे होतं. राज्याच्या इलेक्टरांची संख्या ठरली काँग्रेसच्या दोन सभागृहांतले त्या राज्याचे प्रतिनिधी अधिक सिनेटर, आणि प्रतिनिधींच्या हिशोबात 5 गुलाम म्हणजे 3 माणसं धरायची. 1792 ला भरपूर गुलाम असलेल्या व्हर्जिनियाचे इलेक्टर 21 आणि पेनसिल्व्हेनियाचे 15, स्वतंत्र लोकांची संख्या मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच! हा फरक कुठून आला ते तुम्हीच बघा.

सिनेटरही लोक थेट निवडत नव्हते, पण त्याचं कारण वेगळं, तिथे राज्यांना राज्य म्हणून केंद्रात हात हवा होता, म्हणून 1913 च्या 17 व्या दुरुस्तीपर्यंत विधिमंडळंच सिनेटर निवडायची.

बाकी इलेक्टर शांतपणे विचार करून निवडतील वगैरे फार टिकलं नाही. पक्ष आले, 1800 ला एकाच पक्षाच्या थॉमस जेफरसन आणि आरन बर या दोघांना 73-73 मतं पडली, प्रतिनिधीगृहात 36 वेळा मतदान झालं तेव्हा निकाल लागला आणि 1804 ला राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी वेगवेगळं मत द्यायची 12 वी दुरुस्ती करावी लागली. आणि हो, इलेक्टर कसे नेमायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलंय, त्यामुळे साउथ कॅरोलिनात 1860 पर्यंत इलेक्टर विधिमंडळच नेमत होतं, जनतेला त्यात मतच नव्हतं.