वाचकांचे प्रश्न : हट्ट की अनिश्चितता?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात माझे थोरले बंधू सोयाबीन घेतात. पाऊस बेभरवशाचा झाला हे त्यांना मान्य आहे, तरी रुंद वरंबा-सरी पद्धतीने (उंच, रुंद वरंब्यावर पेरणी आणि दोन्ही बाजूंना सऱ्या) पेरणी करायला ते तयार नाहीत. हा हट्टच ना?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : हा हट्ट नव्हे. जोखमीत निदान शक्यता ठाऊक असतात, अनिश्चिततेत त्याही नसतात. आणि निम्मे लाल, निम्मे काळे चेंडू असल्याचे माहीत असलेल्या भांड्यावर माणसे पैज लावतात, पण प्रमाण अज्ञात असलेले भांडे टाळतात, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये मांडले. सपाट पेरणीचा वाईटात वाईट उतारा आपल्या बंधूंनी पाहिलेला आहे, नव्या पद्धतीचा नाही. त्यामुळे सरासरी उत्पन्न वाढते एवढे सांगून भागणार नाही. मात्र पावसाचे खंड लांबू लागले की जुनी पद्धतही पूर्वीइतकी ओळखीची उरत नाही, हे त्यांच्यापुढे आदराने जरूर मांडावे. वरंब्यावर खंडाच्या काळात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते, हे त्यांनी स्वतःच्या रानात पाहायला हवे. एका एकरात, एकाच बियाण्याने, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच दोन्ही पद्धतींनी शेजारी-शेजारी पेरणी करावी आणि नव्या तुकड्यात तूट आली तर ती आपण पगारातून भरून द्याल, असे त्यांना आधीच सांगावे.