पगार सरकारी म्हणून प्राध्यापकाने गप्प बसायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहात, प्राध्यापक भरतीच्या सरकारी धोरणावर फेसबुकवर टीका केलीत, प्राचार्यांनी बोलावून पोस्ट काढायला सांगितलं आणि वर ऐकवलं, 'पगार सरकार देतं हे विसरू नका.' तर पगार सरकारकडून येत असेल तर बोलायचा हक्क संपतो का?

नाही संपत. पण प्राचार्यांनी हे तोंडी सांगितलं की लेखी, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं घोडं तिथेच पेंड खातंय.

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे. आमच्या विभागाचं भित्तीपत्रक असायचं. जिन्याजवळ काचेची पेटी, तिला कुलूप, किल्ली माझ्याकडे. एका वर्षी द्वितीय वर्षाच्या एका मुलीने शिष्यवृत्तीवर लेख लिहिला. आधीच्या वर्षाची रक्कम अजून जमा झाली नव्हती आणि नव्या वर्षाचे फॉर्म भरायची वेळ आली होती. पोरीने नुसती तक्रार केली नाही. वर्गावर्गात फिरून कुणाकुणाची थकली आहे ते विचारलं, हिरव्या स्केचपेनने तक्ता काढला आणि शेवटच्या ओळीत त्या खात्याच्या मंत्र्यांना सरळ विचारलं, 'आमचे पैसे कुठे आहेत?' मी वर्षानुवर्षं तपासलेल्या ट्युटोरियलांमध्ये इतकं नेटकं लिखाण फार थोडं पाहिलं आहे.

नेमकं त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि पाहुणे सत्ताधारी पक्षाचे. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ते भित्तीपत्रक काढून घ्या. वरून फोन आलाय."

"कुणाचा, सर?"

"ते जाऊ द्या. कार्यक्रम होईपर्यंत काढा, नंतर हवं तर पुन्हा लावा."

"तसं लेखी द्या सर, लगेच काढते."

"एवढ्याशा गोष्टीला कसलं लेखी मागताय?"

मी स्टाफरूममध्ये येऊन एक पानी अर्ज लिहिला. आपण आज अशी अशी तोंडी सूचना दिलीत, ती कोणत्या नियमानुसार आणि कोणाच्या आदेशावरून, हे लेखी कळवावं, कळवल्यास त्याप्रमाणे कार्यवाही करते. दोन प्रती काढल्या आणि ऑफिसात गेले. हेडक्लार्क चांगले गृहस्थ, पण शिक्का मारायला हात धजेना. "मॅडम, कशाला उगाच?" म्हणत राहिले. आवक क्रमांक पडून माझ्या प्रतीवर सही-शिक्का मिळेपर्यंत मी खिडकीपाशी उभी राहिले.

त्या अर्जाला उत्तर आलं नाही. मेमो नाही, कारणे दाखवा नाही, काहीच नाही. उद्घाटन झालं, पाहुणे त्याच जिन्याने वर गेले, खाली आले, जेवून गेले. भित्तीपत्रक पुढचा अंक लागेपर्यंत तिथेच होतं. अनुदान बंद पडलं नाही, कुणाचा पगार अडला नाही. तो फोन कुणाचा होता हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की असे निम्मे फोन कधी येतच नाहीत. 'फोन येईल' या भीतीचा केबिनपर्यंत पोचता पोचता 'फोन आला' होतो. सरकारला आमच्यासारख्या कॉलेजात कुणाचं तोंड दाबायला स्वतः यावं लागत नाही, संस्थाचालक आणि प्राचार्य ते काम आधीच करून ठेवतात.

आता कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. 'सरकारला वाईट वाटणं' त्यात नाही. आणि निर्बंध घालायचा तर तो कायद्याने घालावा लागतो, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. केरळमधल्या तीन भावंडांना १९८५ च्या जुलैमध्ये शाळेतून काढलं होतं. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची मुलं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. प्रश्न विधानसभेत गेला, मग शाळा तपासणी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने मुलांना काढलं. वडील भेटायला गेले तर बाईंनी असमर्थता सांगितली. म्हणजे तोच नमुना, वरून आलं, मी काय करणार! १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. निकालात शिक्षण खात्याच्या परिपत्रकांबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की त्यांना कायद्याचं बळ नाही, त्यामुळे त्यांच्या जोरावर मूलभूत हक्क आखडता येत नाही. छापील परिपत्रकाची ही गत, तर नाव नसलेल्या फोनची काय असेल?

आमच्या स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सर होते. त्या प्रकरणानंतर ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, खाल्ल्या मिठाला जागावं." हे वाक्य मी विसरलेली नाही, आणि तुमच्या प्राचार्यांनी तेच दुसऱ्या शब्दांत म्हटलंय म्हणून हे एवढं लिहिते आहे. मीठ कुणाचं? अनुदान कुठल्या मंत्र्याच्या घरातून येत नाही. त्या मुलीचा बाप काडेपेटी घेतो तेव्हाही कर भरतो. मग माझ्या पगारावर तिचाही हक्क आहे, आणि मिठाला जागायचंच तर तिच्या बाजूने जागायला हवं. दुसरं म्हणजे घटनेच्या कलम १७१ ने शिक्षकांना विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ दिला आहे. महाराष्ट्रात अशा ७ जागा आहेत. शिक्षकांनी सरकारबद्दल तोंडच उघडायचं नाही अशी घटनेची इच्छा असती तर ही तरतूद कशाला केली असती? हेच सर त्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी याद्या घेऊन गावोगाव फिरायचे. तेव्हा पगार कुणाचा होता? हे मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

आणि हा एकाच पक्षाचा रोग आहे असं समजू नका. २०१० साली मुंबई विद्यापीठात एका विद्यार्थी संघटनेच्या तक्रारीनंतर रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी अभ्यासक्रमातून गेली, ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. २०१२ साली एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकाचं मुख्य सल्लागारपद सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुस्तकात काय असावं हे विषय शिकवणाऱ्यांनी ठरवायचं, सभागृहातल्या आवाजाने नाही, मग सत्तेवर कुणीही असो.

तर तुम्ही पोस्ट काढू नका. काढली असेल तर निदान लेखी आदेश मागा आणि पोच घ्या.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही शासकीय महाविद्यालयात असता तर वर्तणूक नियम थेट लागू झाले असते आणि उत्तर इतकं सोपं नसतं. आणि तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन) असाल तर माझ्यासारखं खिडकीपाशी उभं राहू नका. मी कायम होते, संघटना पाठीशी होती. सीएचबीवाल्याला मेमो देत नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतच नाहीत, आणि त्याविरुद्ध कोर्टात दाखवायला हातात कागद नसतो. अशा वेळी स्वतःच्या नावाने लिहिण्याऐवजी संघटनेच्या लेटरहेडवर निवेदन द्या. वर्गात विषय शिकवताना पक्षाचा प्रचार करणं हे वेगळं, त्याची बाजू मी घेणार नाही. तुमची पोस्ट धोरणावर होती, तीही स्वतःच्या खात्यावर.

प्राचार्यांनी लेखी काही दिलंच, तर त्यात विद्यापीठाच्या कुठल्या परिनियमाचा किंवा दुसऱ्या कुठल्या नियमाचा क्रमांक टाकलाय का ते आधी बघा. असेल तर नावं झाकून मजकूर इथे टाका, वाचून सांगते.