लेकराला राखणीवरून उठवा

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाई औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्या लातुरात मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करतात.)

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही परंडा तालुक्यातले. सप्टेंबर २०२५च्या पुरात सीनेचं पाणी शेतात शिरलं. सोयाबीन तर गेलंच, वरची मातीही खरडून गेली. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्यानं मागच्या महिन्यात आत्महत्या केली. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा तिसरीत एकाच बाकावर बसतात. मुलाला आम्ही सांगितलं, काका अटॅकनं गेले. पण गावच्या ग्रुपवर फोटो फिरले आणि त्यानं ते कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिले. तेव्हापासून तो बापाला सोडत नाही. रात्री उठून ते झोपलेत का बघतो. ते शेताकडं निघाले की दप्तर टाकून मागं जातो. पोट दुखतं म्हणतो, पण डॉक्टरांना दाखवलं तर काही निघालं नाही. परवा जेवताना विचारलं, "आपल्यावर किती कर्ज आहे?" त्याचे बाबा ताटावरून उठून गेले. सासूबाई म्हणतात, "राहू दे मागं मागं, लेकरू दिसलं की बापाचं मन रमतं." मी काय करू? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी लेकराच्या बापाकडं बघा. मुलाला धीर कसा द्यायचा हे तुम्ही विचारलंत, त्यावर मी येणारच आहे. पण कर्जाचं नाव निघताच जो माणूस ताटावरून उठून जातो, त्याच्याशी आजच बोलायला हवं. लेकरं उगाच पहारा देत नाहीत. कधी कधी मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना दिसलेलं असतं.

दोघंच असताना स्पष्ट विचारा, "तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, अशी आपल्याकडं भीती आहे. ती खरी नाही. विचारणारं कुणी भेटलं की माणसाला बोलता येतं. झोप उडालीय का, जेवण तुटलंय का, "माझ्यामागं लेकरांकडं बघ" असं काही तोंडून निघतं का, हिशेब मिटवायची एकाएकी घाई चाललीय का, हेही बघा. यातलं काही दिसलं तर त्यांना एकटं सोडू नका, सोबत कुणी मोठं माणूस ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. मनाच्या त्रासात फोनवर मदत करणारी ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सरकार चालवतं. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्पही आहे. तुमच्या आशाताईंना त्याबद्दल विचारा, नाहीतर थेट धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात जा. तिथं मानसोपचाराचे डॉक्टर असतात. यात कमीपणा कसला?

आता लेकराचं. तुम्ही अटॅक सांगितला आणि त्यानं फोटो पाहिला. म्हणजे घरात आपल्याला खरं सांगत नाहीत, एवढं त्याला कळलं. उद्या तुम्ही "बाबांना काही होणार नाही" म्हणालात तरी ते त्याला खरं वाटणार नाही. म्हणून आधी ती दुरुस्ती करा. जवळ घ्या आणि म्हणा, "काका अटॅकनं गेले असं आम्ही सांगितलं, ते तसं नव्हतं. त्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यांचं मन खूप आजारी झालं होतं आणि त्यातून बाहेर पडायची वाट त्यांना दिसली नाही. मन आजारी झालं तर औषध असतं, डॉक्टर असतात. काकांना ते वेळेवर मिळालं नाही." एवढं पुरे. कसं घडलं, कुठं घडलं, यात शिरू नका. फोटोचं त्यानं काढलं तर ऐकून घ्या. त्याच्या डोळ्यांपुढं ते येतं का विचारा, पण तुमच्याकडून त्यात भर घालू नका. आणि काका देवाघरी गेले, लांब गावाला गेले, झोपले, असलं काही तिसरीतल्या मुलाला सांगू नका. मग त्याला झोपायची भीती वाटते, नाहीतर गावाला निघालेल्या प्रत्येकाची.

"कर्जापायी गेला" हे वाक्य गावात जो तो बोलतोय. पारावर, किराणा दुकानात, बायका धुणं धूत असताना. लेकरानं ते ऐकलं आणि हिशेब मांडला : काकांवर कर्ज होतं, काका गेले. आपल्यावरही कर्ज आहे. त्या रात्रीचा त्याचा प्रश्न पैशांचा नव्हताच, ताई. तो विचारत होता, बाबाही जातील का?

त्याचं उत्तर बाबांनी स्वतः द्यावं. आकडा सांगायची गरज नाही. "हो, सोसायटीचं कर्ज आहे. गावात बहुतेक घरांवर असतं. मला त्याची काळजी वाटते, पण मी तुझ्या मामाशी बोलतो, डॉक्टरांशी बोलतो. ते फेडायचं काम मोठ्यांचं आहे." काळजीच वाटत नाही, असं खोटं सांगू नये. बापाचा उतरलेला चेहरा लेकरू रोज बघतंय.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या पोटतिडकीनं बोलतात, हे मला कळतं. त्यांनाही लेकाचीच काळजी आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला बापाच्या जिवाच्या राखणीला बसवायचं नसतं. या वयात मुलांना वाटतं की आपण काही केलं, काही केलं नाही, त्यावर सगळं चालतं. बाबा रोज संध्याकाळी घरी येतात ते मी मागं गेलो म्हणून, असं आज त्याला वाटतंय. एखाद्या दिवशी तो शाळेत असताना बाप नुसता तापानं आजारी पडला, तरी तो दोष स्वतःकडंच घेईल.

"तू काळजी करू नकोस" म्हटल्यानं तो राखणीवरून उठणार नाही. दुसरं कुणीतरी खरोखर बसलेलं त्याला दिसलं पाहिजे. हे मी १९९३ साली शिकले. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरचं माळवद माणसांवर कोसळलं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. पुढं कितीतरी दिवस धक्के येत राहिले. पत्र्याच्या शेडमध्ये मोठी माणसं थकून झोपायची आणि लेकरं टक्क जागी असायची, कारण मागच्या वेळी सगळे झोपलेले असतानाच ते आलं होतं. मग शेडमधल्या बाप्यांनी जागण्याच्या पाळ्या लावल्या आणि दिवेलागणीला त्या दिवशीच्या जागणाऱ्यांची नावं लेकरांसमोर मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. लेकरं नावं ऐकायची आणि हळूहळू झोपायला लागली. हलत होतं ते हलतच होतं. पण जागायचं काम आता आपलं नाही, एवढं त्यांना कळलं.

तुम्हीही तसंच नावानिशी सांगा. "रात्री बाबांकडं मी बघते. शेतात त्यांच्याबरोबर चुलते आहेत. तू शाळेत जायचं." आणि जे सांगाल ते खरंच करा. बापानं निघताना कधी परतणार ते सांगावं, उशीर होणार असेल तर फोन करावा. पोटदुखीला "नाटक करतो" म्हणू नका, पोट खरंच दुखत असतं. मित्रांबरोबर तो तिरडी-तिरडी खेळताना दिसला तर अपशकुन म्हणून धोपटू नका. आमची लेकरं दगडांची घरं रचून "भूकंप आला" म्हणत पाडायची. जे बोलता येत नाही ते मुलं खेळतात.

महिना होत आलाय. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप आणि शाळा रुळावर आली नाही, तर त्यालाही जिल्हा रुग्णालयात दाखवा. "मला पण काकांकडं जायचंय" असं काही बोलला, तर त्याच दिवशी.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. वडिलांच्या आत्महत्येनंतर एक विद्यार्थी तेराव्यानंतर शाळेत येणार आहे. वर्गाला काय सांगू?

उत्तर : सर, तो येण्याआधी त्याच्या घरी जाऊन या आणि वर्गाला काय सांगितलेलं चालेल, हे त्यालाच विचारा. मग तो नसताना मुलांशी बोला : त्याचे वडील वारले, त्याला दुःख झालंय, कसे वारले हे त्याला विचारायचं नाही, खेळायला मात्र बोलवायचं. बाक तोच ठेवा. वर्गात रडू आलं तर न विचारता बाहेर जायची मुभा द्या.

आणखी एक गोष्ट, ती मी हात जोडून सांगते. मदत घेऊन गाड्या येतील. दप्तर, सायकल, पाकीट. द्यायचं ते त्याच्या आईच्या हातात, घरी द्यायला लावा. त्या लेकराला स्टेजवर उभं करून फोटो काढू देऊ नका. तो फोटो दहावीपर्यंत त्याच्या मागं फिरतो. पाहुणे कितीही मोठे असले तरी शाळेच्या आवारात नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे.

प्रश्न : माझी नात सहा वर्षांची. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान पडलं ते तिनं टीव्हीवर पाहिलं. मामा दुबईला असतो, तो येणार म्हटलं की अजूनही रडते. बातम्या बंदच कराव्यात का? (एक आजोबा, नांदेड)

उत्तर : आजोबा, ती घरात असेपर्यंत टीव्हीच्या बातम्या बंद ठेवा. एकच चित्र दिवसभर दाखवतात तेव्हा एवढ्याशा लेकराला प्रत्येक वेळी नवं विमान पडल्यासारखं वाटतं. तिच्या लेखी तेव्हा कितीतरी विमानं पडली. ते एकच होतं आणि पुन्हा पुन्हा दाखवलं, हे तिला सांगा. पेपर मात्र वाचत राहा. त्यातला फोटो हलत नाही, ओरडत नाही, आणि पान उलटणं तुमच्या हातात असतं. मामा यायच्या दिवशी तिला विमानतळावर न्या. जमत नसेल तर उतरल्या उतरल्या मामानं पहिला फोन तिला करावा.