झीझीला पाणी कमी, उजेड जास्त

या अंकासाठी आलेल्या पत्रांत झीझी प्लांटचेच, म्हणजे घरात कुंडीत ठेवतात त्या चकचकीत पानांच्या शोभेच्या झाडाचेच, प्रश्न इतके निघाले की बाकीच्या झाडांना यावेळी थांबवलंय, पुढच्या अंकात त्यांच्याकडे नक्की वळू. सगळी पत्रं वाचल्यावर एवढं कळलं की बहुतेकांच्या तक्रारीच्या मुळाशी पाणीच आहे, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, ते सगळ्यांनीच वाचा.

ताई, "अजिबात काळजी लागत नाही" असं ऐकून झीझी आणलं. आठवड्यातून दोनदा थोडं थोडं पाणी घालते, कधी चुकवलं नाही. तरी खालची पानं पिवळी पडायला लागली आणि आता एक अख्खी दांडी बुडाशी मऊ होऊन आडवी झालीय. पाणी कमी पडतंय का? वाढवू का?

अहो नाही, वाढवू नका, उलट आजपासून पाणी बंदच करा. पान पिवळं दिसलं की झाडाला तहान लागली असेल असं वाटणं साहजिक आहे, पण झीझीमध्ये पिवळी पानं आणि बुडाशी मऊ दांडी ही जोडी एकत्र दिसली की खाली कंद कुजतोय असंच धरून चालायचं.

हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, केनिया, टांझानियापासून मोझांबिक, झिम्बाब्वे करत पार दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळपर्यंत सापडतं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत, खडकाळ, पाणी न साठणाऱ्या जमिनीत वाढतं आणि पाऊस गेला की कितीतरी महिने कोरडे जातात. त्या दिवसांची सोय म्हणून मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी, जाडजूड दांड्यांत पाणी, पानांतही पाणी. पानात साधारण 91 टक्के आणि दांडीत 95 टक्के पाणीच असतं. अगदीच कोरडं पडलं तर तिथे ते आपली छोटी पानं गाळून टाकतं आणि कंदावर आणि दांडीच्या जाड बुडख्यावर दिवस काढतं, मग पाऊस आला की परत फुटतं. आता इतकी साठवण असलेल्या झाडाची माती कायम ओली राहिली तर कंदाला हवाच मिळत नाही, बुरशी लागते आणि तो आतून सडायला लागतो, वरून बरेच दिवस काही कळतही नाही कारण दांड्यांतल्या पाण्यावर पानं छान हिरवी दिसत राहतात. वर दिसायला लागतं तेव्हा खाली बरंच झालेलं असतं, म्हणून घाई करा.

झाड कुंडीतून सरळ बाहेर काढा, सगळी माती झटकून टाका आणि एकेक कंद बोटाने दाबून बघा. टणक लागला तर चांगला. दाबल्यावर बोट आत जातंय, तपकिरी पाणी येतंय, कुबट वास येतोय, तो भाग स्वच्छ सुरीने कापून टाका, अगदी आतला पांढुरका भाग दिसेपर्यंत कापायचं, हात आखडता घेऊ नका कारण थोडं जरी सडलेलं राहिलं तरी ते पुन्हा पसरतं. मग झाड एक-दोन दिवस सावलीत तसंच उघडं ठेवा म्हणजे कापलेल्या जागा सुकतील, आणि नंतर कोरड्या नव्या मिश्रणात लावा. मिश्रण भुसभुशीत हवं, नुसती बागेतली माती नको, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मातीत परलाइट (कुंडीसाठी मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा जाडी वाळू सढळ हाताने घाला. लावल्यावर लगेच पाणी नाही, आठवडाभर थांबा. आडव्या पडलेल्या दांडीचा वरचा भाग टणक असेल तर तो फेकू नका, त्याच्यापासून नवीन रोप होतं, खाली सांगितलंय.

आणि पुढे पाणी कधी घालायचं तर वार ठरवून नाही. एक लाकडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, बाहेर काढल्यावर ती कोरडी निघाली तरच पाणी. साधारण दोन ते चार आठवडे जातात, थंडीत किंवा कमी उजेडात त्याहून जास्त. पण घालाल तेव्हा "थोडं थोडं" नको, तळाच्या भोकातून वाहून येईपर्यंत भरपूर घाला, खालच्या ताटलीत साचलेलं ओतून द्या आणि मग विसरा. बाहेरून शोभेची बिनभोकाची कुंडी असेल तर आत डोकावून बघत जा, कितीतरी झीझी त्या आतल्या न दिसणाऱ्या पाण्यात गेलेली आहेत.

माझ्याकडे उलटंच झालंय, दांड्या मऊ नाहीत पण उभ्या सुरकुत्या पडल्यात आणि छोटी पानं हात लावला की गळतात. दोन-अडीच महिने घरी नव्हतो.

हे मात्र खरंच तहानेने झालंय. नीट भिजेल असं एकदा पाणी द्या, माती फार आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर पाणी कडेने नुसतं निघून जाईल, तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा आणि मग निथळू द्या. दांड्या काही दिवसांत भरतात. गळलेली पानं त्याच दांडीवर परत येत नाहीत, पण कंद टणक असेल तर खालून नवीन कोंब येईल.

झाड फार उंच आणि विरळ झालं म्हणून दाट व्हावं यासाठी शेंडे छाटले. सहा महिने झाले, एकालाही बाजूने फुटवा आलेला नाही. खत कुठलं घालू?

खताने होणार नाही. आपण जिला दांडी किंवा फांदी म्हणतो ना, ते खरं तर एक अख्खं पान आहे आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी ओळीत असलेली चकचकीत पानं ही त्या एका मोठ्या पानाचे तुकडे आहेत. झाडाचा खरा वाढणारा डोळा मातीत, कंदावर आहे. जास्वंदीचा शेंडा छाटला की खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात, इथे फांदीच नाही तर फुटणार कुठून. छाटलेली दांडी तशीच राहते, हिरवी राहते, काम करत राहते पण तिथून पुढे काहीही येत नाही.

दाट झाड हवं असेल तर कंद वाढले पाहिजेत, म्हणजे उजेड वाढवा. उरलेल्या दांड्या दिसायला नको वाटत असतील तरी त्या सगळ्या एकदम काढू नका, त्याच कंदाचं पोट भरतायत. नवीन कोंब वर आले की मग जुन्या एकेक करून मातीलगत कापा. खत द्यायचंच असेल तर वाढीच्या दिवसांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या मात्रेत, आणि माती कोरडी असताना कधीच नाही.

अंधाऱ्या पॅसेजमध्येही हे झाड वाढतं असं सगळे सांगतात. आमचं तिथे जगलंय पण दोन वर्षांत एकच कोंब आलाय, तोही लांबुळका आणि एका बाजूला कललेला.

जगणं आणि वाढणं यात फरक आहे, आणि विकताना हा फरक सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो. अंधारात झीझी साठवणीवर तग धरतं, एवढंच. कोंब लांबुळका झाला, पानांमधलं अंतर वाढलं, झाड एका बाजूला वाकलं, म्हणजे ते उजेड शोधतंय. खिडकीपासून एक-दोन मीटरच्या आत आणा, जिथे दिवसा दिवा न लावता आरामात वाचता येतं अशी जागा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या कडक उन्हात मात्र पानं भाजून पांढुरके-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. अंधारातून एकदम उन्हात नेऊ नका, पंधरा दिवसांत हळूहळू सरकवा, आणि दर वेळी पाणी घालताना कुंडी थोडी फिरवा. पॅसेजमध्येच ठेवणं भाग असेल तर पाणी अजून कमी करा, कमी उजेडात झाड पाणी वापरतच नाही आणि मग पहिल्या पत्रातलं सगळं रामायण सुरू होतं.

एका पानापासून रोप होतं म्हणे? पान मातीत खोचलंय, तीन महिने नुसतं हिरवं उभं आहे. उपटून टाकू का?

नका हो उपटू! हिरवं आहे म्हणजे काम चालू आहे. छोट्या पानाच्या बुडाशी, मातीखाली, आधी एक वाटाण्याएवढी गाठ तयार होते, तिला मुळं फुटतात, आणि ती गाठ पुरेशी मोठी झाल्यावरच वर पहिला कोंब येतो. याला सहा महिने, वर्षसुद्धा लागतं. बऱ्याचदा मधेच ते मूळ पान पिवळं पडून वाळतं आणि लोक रोप मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात, माती चाळून बघा, गाठ टणक सापडेल, तिला परत पुरा. माती किंचित दमट ठेवा, ओली नको, आणि जागा उबदार उजेडाची. पूर्ण दांडी कापून लावली किंवा पाण्यात ठेवली तर त्यात साठा जास्त असल्यामुळे जरा लवकर होतं. आणि खरंच घाई असेल तर कुंडी बदलताना कंदच वेगळे करा, प्रत्येकाला एक-दोन दांड्या आणि मुळं ठेवून, ते लगेचच स्वतंत्र झाड.

काळ्या पानांचं झीझी घेतलं, नवीन कोंब चक्क पोपटी हिरवा आलाय. फसवलं का मला?

नाही, नाही, अगदी खरं आहे तुमचं झाड. काळ्या जातीचा कोंब पोपटीच येतो आणि पान पिकत जाईल तसं गडद होत काळं पडतं, याला काही आठवडे लागतात. एकाच कुंडीत पोपटी आणि काळं दोन्ही दिसतं तो काळ तर या झाडाचा सगळ्यात देखणा.

घरात मांजर आहे आणि रांगतं बाळ. कुणीतरी सांगितलं की याला नुसता हात लावला तरी कॅन्सर होतो. खूप घाबरलेय, झाड देऊन टाकू?

हात लावल्याने कॅन्सर होतो याला कसलाही आधार नाही, त्याची भीती मनातून काढा. पण झाड खाण्याजोगं नाही हेही तितकंच खरं. हे अळूच्या कुळातलं आहे आणि याच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंड, जीभ, घसा चुरचुरतो, सुजतो, मांजराला लाळ गळते, उलटी होते. कापताना निघालेला रस काहींच्या हातालाही खाजतो, म्हणून हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका आणि नंतर साबणाने हात धुवा. बाळ आणि मांजर दोघं आहेत तर झाड त्यांच्या पोहोचेबाहेर जाईल अशी जागा असेल तरच ठेवा, मांजर कुठेही चढतं, त्यामुळे जागा नसेल तर काही वर्षांसाठी कुणाकडे तरी द्या. चुकून चावलंच तर तोंड पुसून पाणी द्या आणि सरळ डॉक्टरांना, मांजर असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

बेडरूममध्ये ठेवलं तर हवा शुद्ध होते का?

मनाला बरं वाटतं म्हणून जरूर ठेवा, हवेसाठी खिडकी उघडा. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ज्यांचा दाखला देतात ते नासाचे 1989 सालचे प्रयोग लहानशा, पूर्ण बंद पेट्यांमध्ये होते. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निघालं की उघड्या खिडकीइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील.

प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने फुगलीय, आकारच बदललाय. मोठ्या कुंडीत हलवू?

हो, हलवा, कंदांनी आत जागा उरवली नाहीये, पुढे ते कुंडी फोडतात सुद्धा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे काम करा. नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन-तीन बोटं रुंद घ्या, एकदम मोठी घेतली तर जास्तीची माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. झाड ओढून काढू नका, दांड्या तुटतात, कुंडीच्या बाजू दाबून सैल करा नाहीतर सरळ कात्रीने कापा.

दांड्यांवर काळपट ठिपके आणि पट्टे आलेत, बुरशीचं औषध दोनदा मारलं तरी जात नाहीत.

ते जाणार नाहीत, झीझीच्या दांडीवर ते जन्मापासूनच असतात. बोट फिरवून बघा, दांडी टणक आणि ठिपके सपाट असतील, खळगा किंवा ओलसरपणा नसेल, तर तो तिचा नेहमीचा रंग आहे. औषध बंद करा, आणि फवाऱ्याचे पांढरे डाग पानांवर राहिले असतील ते ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या.