नुसत्या वर्गणीवर मराठी न्यूज पोर्टल चालेल का?

तुम्ही तिघं नोकरी सोडून मुंबईत पोर्टल काढताय, जाहिरात घ्यायची नाही, वाचकांच्या वर्गणीवर भागेल का, असं विचारलंय. पहिली दोन वर्षं तरी नाही भागणार. आमचं दादरचं पोर्टल सहाव्या वर्षात आहे, पण एकट्याच्या जिवावर नाही.

बातमीपेक्षा बातमीच्या मागचा खर्च मारतो. म्हणून आणखी दोन छोट्या पोर्टलांबरोबर आम्ही सीए आणि वकील एकच ठेवलाय. दर महिन्याला प्रत्येकी 2,000 रुपये बाजूला पडतात. ज्याला नोटीस येईल त्याने उचलायचे. आम्ही त्याला 'नोटिशीची भिशी' म्हणतो. गेल्या वर्षी दोन्ही वेळा नंबर आमचाच लागला.

बातमीतही वाटणी करतो. रस्त्यांच्या कंत्राटांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज टाकले तेव्हा महापालिकेचे वॉर्ड वाटून घेतले: 'जी उत्तर' वॉर्ड आमच्याकडे, 'एल' वॉर्ड कुर्ल्याच्या पोर्टलकडे, 'एफ दक्षिण' तिसऱ्या पोर्टलकडे. अर्जाला 10 रुपये, झेरॉक्सला पानामागे 2. एका वॉर्डाचाच गठ्ठा दोन पिशव्या भरून लोकलने आणला. कागद तिघांनी वाचले, बातमी एकाच सकाळी टाकली. 2024 मध्ये निवडणूक रोख्यांची, म्हणजे पक्षांना रोख्यांतून मिळालेल्या देणग्यांची, यादी बाहेर आली तेव्हा न्यूजलाँड्री, स्क्रोल आणि द न्यूज मिनिट या पोर्टलांनी असंच एकत्र बसून काम केलं होतं. मात्र नाव कुणाचं आधी, व्हिडिओ कुणाच्या चॅनेलवर, हे अर्ज टाकण्याआधीच लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. एक जुना मित्र अजून बोलत नाही.

आता वर्गणी. नवे वाचक मिळतात हो, जुने गळतात. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा, म्हणजे कार्डातून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याचा, नवा नियम लागू झाला आणि आमचे जवळपास निम्मे मासिक वर्गणीदार थांबले. रागावून कुणीच गेलं नव्हतं, कार्डाची नुसती नव्याने परवानगी द्यायची होती. मग गणपतीच्या वर्गणीला पोरं दारोदार जातात तसे आम्ही एकेकाला फोन लावत बसलो आणि यूपीआय ऑटोपे करून घेतलं. छापील पेपरला जीएसटी नाही, आपल्या डिजिटल वर्गणीला 18 टक्के. उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर तुम्हाला झळ नाही.

आणि पावतीपुस्तक छापून ठेवा. परळचे एक निवृत्त बेस्ट कंडक्टर दर जानेवारीत जिना चढून येतात, 500 ची नोट टेबलावर ठेवतात आणि पावती फाडून होईपर्यंत खुर्चीवर बसत नाहीत.