रस्ता उघडला म्हणजे बस सुरू झाली असं नसतं हो (मनाली ते काझा)

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच बायकोला दाखवली, ती म्हणाली हे तर आपलंच लिहिलंय कोणीतरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन मनालीहून एचआरटीसीच्या (हिमाचलच्या सरकारी) बसने स्पितीतल्या काझाला जायचंय, वाटेतली कुंझुम खिंड उघडल्याचे व्हिडिओ दिसतायत, ऑनलाइन बुकिंग मात्र कुठे सापडत नाही, तर थेट स्टँडवर जाऊन तिकीट मिळेल का, असं विचारलंय तुम्ही. तिकिटाचं नंतर बघू. आधी बस सुटते का ते बघा.

आम्हीही असेच गेलो होतो. मी, बायको आणि माझी आई, वय तेव्हा 63. अटल बोगदा होऊन गेला होता (ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला तो, 9 किलोमीटरचा), त्यामुळे रोहतांग खिंडीच्या बर्फाची भानगड संपली, आता काय, बोगद्यातून निघालो की उजवीकडे वळून कोकसर, ग्रांफू, छत्रू, बातल, कुंझुम, लोसर आणि काझा, साधारण 200 किलोमीटर, असा माझा हिशोब. घरून निघायच्या आधी मी एका पर्यटन माहिती कार्यालयाला फोन केला. कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. विचारलं, रस्ता सुरू आहे का? पलीकडून उत्तर, "हां जी, रोड खुला है, आ जाइए." मनालीला पोचल्यावर अशाच एका खिडकीवर परत विचारलं, तर त्यांनी बसच्या वेळांचा छापील कागदच काढून दिला. त्यावर काझाची पहाटेची वेळ व्यवस्थित छापलेली. मी खूश.

पहाटे अंधारात आईला कानटोपी घालून स्टँडवर उभे केलं. पाऊण तास गेला, बस नाही, आमच्यासारखी अजून दोनचार टाळकी इकडेतिकडे बघतायत. शेवटी कुल्लूच्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं, "सड़क छोटी गाड़ी के लिए खुली है, बस के लिए नहीं." आणि तो कागद? मागच्या सीझनचा.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. कागद त्यांनी जुना दिला हे खरं, पण प्रश्न मी चुकीचा विचारला होता. आपल्या डोक्यात एसटीचा घाट असतो, आंबोलीत दरड पडली, दरड काढली, की दुपारी लाल परी सुरू. तिकडे तसं नाही. बीआरओ (सीमेवरचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) आधी बर्फ कापते, मग फोर बाय फोर आणि छोट्या गाड्या सोडतात, मग वितळलेल्या पाण्याने वाहून गेलेले तुकडे भरतात, बसची ट्रायल होते, आणि मग कुठे रोजची फेरी सुरू होते. या सगळ्यात किती दिवस जातील ते दरवर्षी वेगळं. व्हिडिओ टाकणारे पहिल्याच दिवशी बुलेटवर बर्फाच्या भिंतींमधून गेलेले असतात, ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा रस्ता आणि आपल्या बसचा रस्ता एकच नसतो. ग्रांफू ते कुंझुम हा रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त आहे, छत्रू ते बातल नाले आडवे येतात, आणि ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी ते फुगतात. म्हणून तर गाड्या पहाटे निघतात.

पुढचं थोडक्यात. शेअर गाडीत एकत्र तीन सीट मिळेनात, अख्ख्या गाडीचे जे पैसे सांगितले त्यात आम्ही तिघं मुंबईला जाऊन परत आलो असतो. दोन दिवस "कल शायद" वर काढले. मग रात्रीच्या बसने शिमला, दुसऱ्या दिवशी दिवसभर बसून किन्नौर जिल्ह्यातलं रिकाँग पिओ (थोडक्यात पिओ), तिसऱ्या दिवशी काझा. होमस्टेचा अ‍ॅडव्हान्स गेला, आणि चंदीगडहून परतीचं ट्रेनचं तिकीट ठरलेलं असल्याने काझात दीड दिवस. आई अजून म्हणते, तुझ्या त्या काझात मी झोपलेच फक्त.

तर आता माझं मत. मत आहे, डॉक्टरी सल्ला नाही आणि सरकारी पत्रकही नाही. जूनच्या सुरुवातीला, त्यातून आई सोबत असताना, मनालीकडून चढूच नका. शिमला–पिओ–काझा असे आत जा. हा रस्ता सहसा बाराही महिने चालू असतो, पिओहून काझाची बस असते (आमच्या वेळी सकाळी सातच्या सुमाराला सुटायची, आदल्या संध्याकाळी स्टँडवर विचारून घ्या), आणि उंची हळूहळू वाढते. मनाली 2,000 मीटरच्या आसपास आणि कुंझुम साडेचार हजारांच्या वर, एका दिवसात एवढी चढाई म्हणजे धडधाकट माणसाचंही डोकं ठणकतं. पिओकडून मध्ये दम खाता येतो. पिओ-कल्पाला एक रात्र, जमलं तर ताबोला एक (तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. 996 चा आहे, बाहेरून मातीचं घर वाटतं, आत जाऊन बघा). फक्त ताबोला उतरलात तर दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये बसायला जागा मिळेलच असं नाही, आईला उभं राहावं लागू शकतं, म्हणून मी तरी थेट काझा गाठेन आणि ताबो तिथून करेन.

काझात असताना मनालीची बस सुरू झाली तर परतीला कुंझुमवरून उतरा. नाही झाली तर आलात तसे परत. एवढंच करायचं होतं आम्हाला, पण डोक्यात गोल फेरी बसली होती ना, मनालीकडून चढायचं आणि किन्नौरकडून उतरायचं.

चौकशी कुठे करायची? स्टँडवर "अड्डा इंचार्ज" असतो, त्याला विचारा, तेही "रोड खुला है क्या" असं नाही, "काज़ा वाली बस कल गई थी क्या?" असं. काल गेली होती का! याला गोल उत्तर देताच येत नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे काझाहून आलेली बस स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, चिखलाने ओळखू येते.

शिमल्यात बस कुठल्या अड्ड्यावरून ते आधी विचारून घ्या, टूटीकंडीचं आयएसबीटी (मोठं बसस्थानक) वेगळं आणि गावातला जुना अड्डा वेगळा. चंदीगडला हिमाचलच्या गाड्या सेक्टर 43 मधून सुटतात, आम्हाला रिक्षावाल्याने 17 ला सोडलं होतं, ती कथा परत कधीतरी.

ड्रायव्हर-कंडक्टरबद्दल मात्र एक शब्द वाकडा नाही. आपल्याकडे डबल बेल तशी तिकडे शिट्टी, आणि त्या शिट्टीवर मागे दरी असताना तो माणूस बस रिव्हर्स घेतो. माझ्या आईला उलटी होतेय म्हटल्यावर कंडक्टरने स्वतःची पुढची जागा दिली. मागची सीट अजिबात घेऊ नका, टाळू छताला लागते.

पावसाळ्यात ढकलायचा विचार असेल तर नको. किन्नौरच्या बाजूला दरडी येतात, ऑगस्ट 2021 मध्ये निगुलसरीला एक अख्खी बस दरडीखाली गेली होती. मुद्दाम घाबरवत नाहीये, पण आईला घेऊन जाताय म्हणून लिहिलं. सप्टेंबर जमत असेल तर उत्तम, तेव्हा कुंझुमही बहुधा चालू असतो. कॅश भरपूर ठेवा, काझाच्या एटीएमवर विसंबू नका. सिम प्रीपेड चालतं, लडाखला मात्र बाहेरचं प्रीपेड चालत नाही (हे लिहितोय कारण खाली कमेंटमध्ये कोणीतरी लेहचंही विचारलंय). दिल्ली–लेह बसचंही हेच आहे बरं का, रस्ता उघडल्याची बातमी आधी आणि बस नंतर.

परतीच्या तिकिटाची तारीख लिहिली नाहीये तुम्ही. ती टाका, आणि आईंना बीपीची गोळी चालू आहे का तेही, त्यावरून पिओला एक रात्र की दोन ते ठरवू.