आधी पाय, मग ठोसे

बॉक्सिंगमध्ये सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष ठोशांवरच असतं, तुझंही आहे. पण समोरच्याला आपल्याला हवं तिथे न्यायचं, तर ते काम पायांचं. सध्या एवढंच पक्कं कर:

- ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. पुढे जाताना पुढचा, मागे येताना मागचा. दुसरा पाय तेवढाच सरकव, म्हणजे स्टान्स (उभं राहायचा पवित्रा) मोडत नाही.
- पाय जुळवू नकोस, कात्रीसारखे ओलांडू नकोस. त्या क्षणी समोरच्याचा साधा जॅबही (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तोल घालवतो.
- सरळ रेषेत मागे मागे जाऊ नकोस. एखादं पाऊल मागे, की लगेच बाजूला.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठलाग. समोरचा डावीकडे फिरला, की हेही त्याच्या मागे गोल गोल! ऑलिंपिकची रिंग दोरांच्या आत 6.1 मीटर चौरस असते. असा धावलास तर दमशील तूच. त्याऐवजी मध्यभाग धरून ठेव. तो जिकडे निघालाय तिकडेच तिरपं पाऊल टाक आणि वाट अडव. तो परत वळेल, तूही वळ. जागा कमी होत होत तो दोरांना टेकतो, मग कोपऱ्यात जातो. ठोसे तेव्हा मार.

कझाकस्तानचा बॉक्सर गेन्नादी गोलोव्किनच्या लढती बघ, पण नजर फक्त त्याच्या पायांवर ठेव.

रोज जमिनीवर खडूने रेघ मारून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या नुसतं चाल. पिव्हट (पुढच्या पायावर गिरकी घेऊन वळणं) आणि डावखुऱ्यांशी लढणं नंतर बघू. चाल बसली की सांग, जमेल तुला.